चव्हाट्यावर मांडलं म्हणून

२०१८च्या ऑक्टोबरात लैंगिक छळाविरुद्धच्या ‘मी टू’ची लाट आपल्याकडे आली, तेव्हा मी तिच्या बाजूने नव्हते. कार्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीवर काम करत होते. तक्रार लेखी द्या, चौकशी होऊ द्या, ट्विटरच्या चव्हाट्यावर कुणाचं नाव घेऊ नका, असं मी सगळ्यांना सांगायचे. समोरच्यालाही बाजू मांडता आली पाहिजे, हे मला आजही वाटतं.

मत बदललं ते पत्रकार प्रिया रमाणी यांच्या खटल्यामुळे. त्यांनी सांगितलेला प्रसंग १९९३चा, मुंबईतल्या हॉटेलात झालेल्या नोकरीच्या मुलाखतीचा. मुलाखत घेणारे संपादक, पुढे केंद्रात मंत्री झालेले एम. जे. अकबर यांनी आरोप नाकारले, बदनामीचा फौजदारी खटला भरला, मंत्रिपदही सोडलं. १७ फेब्रुवारी २०२१ला दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष ठरवलं. (अकबर अपिलात गेले.) बाई आपलं गाऱ्हाणं हव्या त्या व्यासपीठावर, कित्येक दशकांनीही मांडू शकते, असं निकालात होतं. मी तारखा ताडून पाहिल्या. कार्यालयांत तक्रार समित्या नेमायला सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७चा, त्याबद्दलचा कायदा २०१३चा. मग १९९३ साली या बाईने जायचं कोणत्या समितीकडे? आज समिती आहे, पण तक्रारीची मुदत तीन महिने, फार तर आणखी तीन.

त्याच सुमारास एक मुलगी समितीकडे आली. कुणा अनोळखी बाईची पोस्ट तिने फोनमध्ये जपून ठेवली होती. “मॅडम, माझ्याशी हेच होतंय. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.” भिंतीवरचा आमचा फलक ती रोज पाहत होती. त्यावर कलमं होती; तिच्यावर काय गुदरतंय ते नव्हतं.

मथुरा खटलाही मी नव्याने वाचला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. त्यापुढे अपील करायला जागाच नव्हती. तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते लोकांपर्यंत पोचलं, १९८०मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३मध्ये कायदा बदलला. तोही चव्हाटाच होता.

निनावी पोस्टमध्ये कुणाचं नाव दिसलं की मी अजूनही अस्वस्थ होते. त्याहून मोठी खंत ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची आहे. तिला कार्यालयातली समिती नाही; तिच्यासाठी कायद्यात जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. त्या समितीचा पत्ता तिच्या फडापर्यंत कोण पोचवणार, हे मी आता प्रत्येक बैठकीत विचारते.