तारागोनातील चार दिवस

नंदनवनात राहणारा माणूस नंदनवन सोडून कुठे निघाला, असा थट्टेचा प्रश्न २०१९ च्या सप्टेंबरात आम्हांला जवळजवळ प्रत्येक घरी ऐकावा लागला. पुराणातले नंदनवन इंद्राचे. आमचे नंदनवन नागपूरच्या पूर्व भागात, जगनाडे चौकाच्या आसपास दाटीवाटीने वसलेले. येथे कल्पवृक्ष नाहीत. शिकवणीवर्ग, दवाखाने, भाजीच्या गाड्या आणि ऑटोरिक्षा मात्र मुबलक आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढला की खुद्द इंद्रानेही पत्ता बदलावा असे दिवस येतात. समुद्र आमच्यापासून आठशे किलोमीटर दूर. तेव्हा भूमध्य समुद्राकाठच्या एका गावी चार दिवस राहायला मिळणार, याचा आनंद आम्ही लपवला नाही.

लपवली होती ती दुसरीच गोष्ट. निघण्यापूर्वी आम्ही एक सूचना लिहून मेजाच्या खणात ठेवली होती. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून सकाळी साडेसहाची मराठी मिस्सा बंद होईल आणि भाविकांनी आठच्या मिस्सेला यावे, एवढाच तिचा मजकूर. कारणे आमच्याजवळ भरपूर होती. आमच्या धर्मग्रामात केरळची, तामिळनाडूची, गोव्याची, मंगळूरची, झारखंडची कुटुंबे आहेत. अमरावती-यवतमाळकडून आलेली मराठी घरे मोजकीच. त्यांचीही मुले इंग्रजी शाळांत शिकतात आणि आठच्या इंग्रजी मिस्सेला येतात. साडेसहाला उरतात ती तीस-पस्तीस माणसे, बहुतेक वयस्क. त्यांना हिंदी समजते, इंग्रजीही थोडेफार समजते. मग एका धर्मगुरूने पहाटे वेगळी मिस्सा कशासाठी अर्पावी? रोमला काही आठवड्यांच्या अभ्यासवर्गासाठी जायचे होते. परत आल्यावर ती सूचना वाचायची, असे आम्ही ठरवले होते.

रोमचा वर्ग आटोपल्यावर सेमिनरीतील आमच्या एका सहाध्यायाने आम्हांला स्पेनमध्ये बोलावून घेतले. हे मूळचे केरळचे. आमच्याबरोबर शिकत असताना त्यांच्या मराठीला आम्ही फार हसायचो. आता ते तारागोनाच्या महाधर्मप्रांतात सेवा करतात. बार्सिलोनाहून तारागोना सुमारे शंभर किलोमीटर. गाडी बराच वेळ समुद्राला अगदी खेटून धावते, मध्येच बोगद्यात शिरते आणि बाहेर पडली की पुन्हा तेच निळे पाणी. कोकण रेल्वेने गेलेल्यांना हे वर्णन करून सांगायला नको.

बार्सिलोनाचे नाव आमच्या कानांवर पहिल्यांदा पडले ते सेमिनरीतील इतिहासाच्या तासाला, फादर हेनरी हेरास यांच्यामुळे. हे जेझुइट धर्मगुरू १८८८ साली बार्सिलोनात जन्मले, १९२२ साली मुंबईत आले आणि १९२६ साली त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय इतिहास संशोधनाची संस्था उभारली. तीच आज हेरास इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात जर्मन जेझुइटांना मुंबई सोडावी लागली आणि पुढे त्यांच्या जागी स्पेनमधून जे धर्मगुरू आले, त्यांत कॅटलान मंडळी पुष्कळ होती. बार्सिलोनातच जन्मलेले व्हिसेंट फेरर १९५२ साली भारतात आले आणि मनमाडच्या दुष्काळी मुलखात त्यांनी शेतकऱ्यांकडून विहिरी खणून घेतल्या. १९६८ साली सरकारने त्यांना देश सोडायला लावला, तेव्हा त्यांच्यासाठी मनमाडकडचे हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले होते. पुढच्या वर्षी ते परतले आणि पुढचे सारे आयुष्य आंध्रातील अनंतपूरला राहिले. ही नावे आम्हांला ठाऊक होती. मात्र त्यांना आम्ही नेहमी स्पॅनिश म्हणत आलो. त्यांची घरातली भाषा वेगळी होती आणि फेरर मनमाडला आले त्या वर्षी ती त्यांच्याच गावातील शाळांतून हद्दपार होती, ही गोष्ट तारागोनाला जाईपर्यंत आमच्या डोक्यात शिरली नव्हती.

तारागोना हे रोमन काळापासूनचे शहर. समुद्राच्या कडेलाच दुसऱ्या शतकातील लंबवर्तुळाकार प्रेक्षागृह आहे. इ.स. २५९ च्या २१ जानेवारीला बिशप संत फ्रुक्तुओसस आणि ऑगुरियस व युलोजियस हे त्यांचे दोन डीकन यांना येथे जिवंत जाळण्यात आले. माझी आठवण ठेवा, असे कोणी एकाने बिशपांना त्या क्षणी विनविले. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत पसरलेल्या अवघ्या ख्रिस्तसभेची आठवण मला ठेवली पाहिजे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे जुने वृत्तान्त सांगतात. त्या जागेवर पुढे चर्च बांधले गेले. त्याचे अवशेष रिंगणाच्या मधोमध दिसतात. आम्ही पायऱ्यांवर बसून जपमाळेची एक दशकडी म्हटली. ती मराठीत म्हटली, हे नंतर ध्यानात आले.

वरच्या बाजूला समुद्र न्याहाळण्यासाठी लांबलचक कठडा आहे. त्याच्या लोखंडी गजांना हात लावला की भाग्य उजळते, अशी तेथील समजूत. आमच्या मित्राने लावला, आम्हीही लावला. धर्मगुरूने असे करावे काय, हा प्रश्न वाचकांनी आम्हांला विचारू नये.

आम्ही पोहोचलो ते संत थेक्लाच्या सणाचे दिवस होते. ही तारागोनाची आश्रयदाती. तिच्या बाहूचा अवशेष १३२१ साली आर्मेनियाहून येथे आणला गेला आणि २३ सप्टेंबरला त्याची मिरवणूक निघते. सणात सर्वांत जास्त गर्दी होते ती ‘कास्तेल’ पाहायला. कास्तेल म्हणजे माणसांचा मनोरा. पाहताक्षणी आमच्या तोंडून ‘गोविंदा’ निघून गेला! इतवारीच्या चौकात जन्माष्टमीला जे पाहतो तेच येथे, फक्त वर हंडी नाही. खाली शेकडो माणसे एकमेकांना घट्ट बिलगून बैठक करतात, तिला ‘पिन्या’ म्हणतात. मग थरावर थर चढतात. शेवटी डोक्याला शिरस्त्राण घातलेले एक पोर माकडासारखे सरसर वर जाते, टोकावर क्षणभर एक हात उंचावते आणि दुसऱ्या बाजूने उतरू लागते. लोणी नाही, पाण्याचा मारा नाही. मनोरा सुखरूप उतरवला तरच तो पुरा झाला असे मानतात. चढवून कोसळला तर मान कमी.

एक गोष्ट आम्हांला फार आवडली. पिन्यातल्या माणसांना वरचे काही दिसत नाही. त्यांची डोकी खाली आणि हात वर असतात. म्हणून बाजूला ‘ग्राल्या’ वाजत राहते. हे सनईच्या कुळातले, बरेच कर्कश वाद्य. सुरांवरून खालच्यांना कळते की मनोरा कुठवर गेला, पोर टोकाला पोहोचले की नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २४ तारखेला, एकावर एक अशा चार जणांचा खांब कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून निघतो आणि चिंचोळ्या रस्त्याने चालत थेट नगरपालिकेच्या चौकात जातो. वर मूल आणि सगळ्यांचा भार घेऊन तळाचा माणूस पाऊल टाकतो. आमच्या शेजारी उभी असलेली एक म्हातारी डोळे मिटून पुटपुटत होती. सर्वांत वर तिची नात आहे, असे मित्राने सांगितले.

या मनोऱ्यांना २०१० साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. स्त्रिया त्यांत चढू लागल्या त्या मात्र १९८० च्या आसपास. एरवी आम्ही जेवणाविषयी लिहीत नाही, पण तारागोनाच्या ‘रोमेस्को’चा उल्लेख टाळणे कृतघ्नपणाचे होईल. वाळवलेली मिरची, बदाम, हेझलनट, लसूण आणि ऑलिव्हचे तेल एकत्र वाटून केलेली ही चटणी मासळीबरोबर खातात. रंग आमच्या भिवापुरी मिरचीच्या ठेच्याचा, तिखटपणा मात्र शून्य. मित्राने खणातून आपल्या गावच्या मिरचीची पूड काढली आणि दोघांनीही ती शिंपडून घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्याबरोबर मिस्सेला उभे राहिलो. भव्य दगडी चर्च आणि त्यात २३ माणसे. आम्ही मोजली. सर्वांत तरुण बाई साठीच्या असाव्यात. मिस्सा कॅटलानमध्ये होती. आमच्या मराठीला लाजवील अशा आत्मविश्वासाने आमचे मित्र त्या भाषेत प्रवचन करीत होते. नाश्त्याच्या वेळी आम्ही विचारले, सगळ्यांना स्पॅनिश येत असताना ही मेहनत कशासाठी? ते म्हणाले, “पहिले सहा महिने मी स्पॅनिशमध्येच मिस्सा केली. कोणी तक्रार केली नाही. फक्त प्रभूची प्रार्थना सुरू झाली की मी ‘पाद्रे नुएस्त्रो’ म्हणायचो आणि बाकांवरून हलक्या आवाजात ‘पारे नोस्त्रे’ ऐकू यायचे. दर रविवारी. शेवटी मीच शिकवणी लावली.”

मग त्यांनी आम्हांला कॅथेड्रलमध्ये एका थडग्यापाशी नेले. तेथे कार्डिनल फ्रान्सेस्क व्हिदाल इ बाराकेर चिरविश्रांती घेत आहेत. १९१९ पासून ते तारागोनाचे महागुरू होते. १९२३ साली स्पेनमध्ये प्रिमो दे रिव्हेराची लष्करी राजवट आली आणि धर्मशिक्षण व प्रवचन कॅटलानमध्ये नको, असा दबाव येऊ लागला. लोकांना देवाविषयी त्यांच्याच भाषेत शिकवले पाहिजे, ही ख्रिस्तसभेची रीत सोडायला कार्डिनलांनी नकार दिला. पुढे १९३६ साली यादवी युद्ध पेटले. क्रांतिकारकांनी त्यांना पकडले. प्रांतिक सरकारने सोडवून इटलीला पाठवले म्हणून ते वाचले. त्यांचे सहायक बिशप मॅन्युएल बोर्रास मात्र त्याच ऑगस्टमध्ये मारले गेले. २०१३ साली तारागोनात जे ५२२ हुतात्मे धन्यवादित घोषित झाले, त्यांत ते आहेत. एवढे सोसूनही १९३७ साली स्पेनच्या बिशपांनी फ्रँकोच्या बाजूचे सामुदायिक पत्र काढले, तेव्हा सही न करणाऱ्या मोजक्या बिशपांत व्हिदाल होते. फ्रँकोने त्यांना पुन्हा तारागोनात पाऊल ठेवू दिले नाही. १९४३ साली स्वित्झर्लंडमध्ये परागंदा अवस्थेत ते वारले आणि १९७८ साली त्यांचे अवशेष या कॅथेड्रलमध्ये परत आले.

फ्रँकोच्या काळात शाळा, कचेऱ्या, वर्तमानपत्रे यांतून कॅटलान हटवली गेली. ती जेथे टिकली त्यांत मोन्सेरातचा बेनेडिक्टाइन मठ अग्रभागी. तेथून १९५९ पासून ‘सेर्रा द’ओर’ नावाचे कॅटलान नियतकालिक निघू लागले. या त्रैमासिकाच्या संपादकांना ते ऐकून बरे वाटेल. आज सुमारे एक कोटी लोक ती भाषा जाणतात. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते.

हे ऐकत असताना आम्हांला अभिमान वाटला, तसा एक काटाही बोचला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ख्रिस्तसभेने दोन्ही गोष्टी केल्या आहेत. इंग्लंडहून आलेले फादर स्टीफन्स यांनी गोव्यात मराठी ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली छापले गेले. आणि त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने, मिशनऱ्यांच्याच आग्रहावरून, लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. आमच्या खणातला कागद कोणा व्हाइसरॉयचा नव्हता. तो सोयीचा होता, सौम्य होता, त्यावर कोणी भांडलेही नसते. बाकांवरून फक्त हलक्या आवाजात काही ऐकू आले असते, आणि तेही आम्ही ऐकले असतेच असे नाही.

पण मित्राला आम्ही हेही बोलून दाखवले, की तुमची भाषा वाचली, मंडळी कुठे आहेत? त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. चौकात हजारो माणसे मनोरा रचायला येतात, चर्चमध्ये २३. भाषा राखली म्हणजे श्रद्धा राहतेच, असे तारागोना सांगत नाही. आमचे आठचे चर्च भरलेले असते, हे आम्ही विसरू इच्छीत नाही. इंग्रजीत प्रार्थना करणारी मुलेही प्रार्थनाच करतात. या प्रश्नाचे गणित आमच्याकडून अजून सुटलेले नाही.

नागपूरला परतलो तेव्हा विमानतळावरून येताना जगनाडे चौकातून ऑटोरिक्षा वळली. तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले त्या संताजी जगनाडे यांच्या नावाचा हा चौक. दिवसातून चार वेळा आम्ही तेथून जातो, पण त्या नावाकडे कधी मान वळवून पाहिले नव्हते.

ती सूचना आम्ही त्या आगमनकाळात वाचली नाही. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सर्वच मिस्सा बंद झाल्या. मराठी मिस्सेला येणाऱ्यांपैकी पाच जण त्या दोन वर्षांत देवाघरी गेले. ७ ऑक्टोबर २०२१ ला प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. कोणत्या मिस्सा सुरू करायच्या यावर धर्मग्राम मंडळाची बैठक झाली. साडेसहाची आपोआप गळून पडली असती, कोणी विचारलेही नसते. ती सुरू करावी असे आम्ही म्हणालो. एक सभासद हळूच म्हणाले, “फादर, माणसे कुठून आणणार?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. साडेसहाच्या मिस्सेला त्यामुळे एकही माणूस वाढला नाही.

आम्ही एवढेच केले, की धर्मशिक्षण वर्गातील मुलांपैकी एकाने दर रविवारी मराठी मिस्सेत पहिले वाचन करावे असा नियम घातला. पालक कुरकुरले. मुलांना पहाटे उठवणे हा त्यांचा मोठा आक्षेप. गेल्या उपवासकाळात एक नववीतला मुलगा यशयाच्या ग्रंथातला उतारा वाचायला उभा राहिला. घरी त्याची आजी मराठी बोलते, तो तिला हिंदीत उत्तर देतो. तिसऱ्या ओळीतल्या एका जोडाक्षरापाशी तो अडला. पुन्हा वाचले, पुन्हा अडला. चर्चमध्ये शांतता. आम्ही वेदीजवळून तो शब्द सांगणार, तोच तिसऱ्या बाकावरून आजीने तो मोठ्याने उच्चारला. पोराने मान वर करून तिच्याकडे पाहिले, तो शब्द तिच्यासारखाच म्हटला आणि पुढे वाचू लागला.