पन्नास हजारांची रेघ

संजय गांधी निराधार योजनेचे दिव्यांगांसाठीचे निकष आज पुन्हा वाचले. किमान 40 टक्के दिव्यांगत्व, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत. म्हणजे अख्ख्या घराला दिवसाकाठी 137 रुपये! पाथर्डीकडून ऊसतोडीला जाणारं जोडपंसुद्धा यापेक्षा जास्त कमावतं. मग आजीजवळ ठेवलेला, चालता न येणारा त्यांचा मुलगा कागदावर गरजू उरतच नाही. त्याला दवाखान्यात न्यायची रिक्षा, औषधं, त्याच्यापायी आजीचा बुडालेला रोज, हे उत्पन्नाच्या दाखल्यात कुठं लिहायचं? ऑक्टोबर 2025पासून दिव्यांगांचं दरमहा अनुदान 1500वरून 2500 रुपये झालं, याचा मनापासून आनंद आहे. पण रेघेपलीकडच्यांना त्याचा काय उपयोग? मर्यादा वाढवाच, आणि दिव्यांगत्वाचा खर्च आधी वजा करा, मग उत्पन्न मोजा.