मत आणि वर्तमान

वडखळ हे गाव पुष्कळांनी पाहिलेले असते. तेथे मुक्काम केलेला मनुष्य मात्र विरळा. मुंबईहून येणारा महामार्ग येथे फुटतो. एक फाटा धरमतरच्या खाडीवरून अलिबागेस जातो, दुसरा नागोठण्यावरून गोव्याची वाट धरतो. प्रवासी उतरतो तो पापड-मिरगुंडांची पुडकी घेण्यापुरता, आणि जाताजाता रस्त्याला चार शब्द सुनावून जातो. पूर्वी ते शब्द मोटारीतल्या मोटारीतच विरून जात. आता ते छायाचित्रासह जगापुढे मांडण्याची सोय त्याच्या खिशात असते.

ह्या सोयीविषयी जुन्या वृत्तपत्रभक्तांच्या मनात एक अढी आहे. जो उठतो तो लिहितो, ना शुद्धलेखनाचा विधिनिषेध, ना अधिकाराचा, अशी त्यांची तक्रार असते. मला ती फारशी पटत नाही. वडखळच्या जवळच पेण आहे. तेथले गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजेच भाऊ महाजन, ह्यांनी १८४१ साली मुंबईत ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक काढले. त्याच पत्रातून १८४८ पासून गोपाळ हरी देशमुख हे सरकारी नोकरीतले गृहस्थ ‘लोकहितवादी’ ह्या टोपणनावाने पत्रे लिहू लागले. स्वजनांचे दोष त्यांनी इतक्या रोखठोकपणे सांगितले, की आजही ती शतपत्रे वाचताना मनुष्य थोडा सावरून बसतो. उपजीविकेचा उद्योग निराळा, नाव झाकलेले आणि मनातले बोलल्यावाचून राहवत नाही, ही आजच्या ब्लॉगलेखकाचीच लक्षणे नव्हेत काय?

ब्लॉग, ज्याला कोणी अनुदिनी असेही म्हणतात, जगात रुजला तो १९९९ च्या सुमारास. पुढे युनिकोडमुळे संगणकावर देवनागरी लिहिणे सुलभ झाले आणि मराठी माणसांनी तो हौसेने आपलासा केला. परदेशी राहणारा अभियंता, संसारातून वेळ काढणारी गृहिणी, निवृत्त शिक्षक, असे कितीतरी लोक लिहिते झाले. संपादकाच्या ‘साभार परत’ने ज्यांची उमेद कायमची मोडली असती, त्यांना वाचक मिळाले. हा लाभ लहान नाही.

तथापि ह्या तुलनेत एक गोष्ट उरते. लोकहितवादी लिहीत होते. ते छापणारे भाऊ महाजन होते. दुसऱ्याच्या लेखणीतून उतरलेला, आपल्याच वाचकांना झोंबणारा मजकूर स्वतःच्या पत्रात घ्यायचा आणि त्याचा भार अंगावर वाहायचा, हे काम संपादकाचे. ब्लॉगलेखकाला संपादक लागत नाही. परंतु त्याच्या पाठीशी संपादक उभाही राहत नाही.

आणखी एक भेद मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मत घरबसल्या देता येते. वर्तमान आणण्यासाठी कोणाला तरी उठून जावे लागते. पळस्पे ते इंदापूर हा वडखळवरून जाणारा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद करण्याचे काम २०११ साली सुरू झाले आणि पुढे मुदतीमागून मुदती उलटल्या. खड्ड्यांची छायाचित्रे ज्याने त्याने काढली. परंतु कंत्राट कोणाला, मुदतवाढ किती वेळा, कोणाच्या जमिनीचा मोबदला कोठे अडकला, न्यायालयात काय ठरले, हे खड्ड्यात डोकावून कळत नाही. त्यासाठी कचेरीच्या बाकावर बसून राहणारा आणि आज काम झाले नाही तर उद्या पुन्हा जाणारा मनुष्य लागतो. त्या मनुष्यालाही घर असते व महिनाअखेर असते.

त्याच अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली खोतांची जमीन न कसण्याचा निश्चय केला आणि तो १९३९ पर्यंत टिकवला. त्यांचे नेते नारायण नागू पाटील ह्यांनी १९३७ साली ‘कृषीवल’ काढला. तो तटस्थ नव्हता. उघड उघड कुळांचा होता. परंतु गलबला ओसरल्यावरही पुढला अंक निघावयाचा, हा वृत्तपत्राचा धर्म त्याने पाळला. ऐन भरातले लिहिणारे पुष्कळ मिळतात; चौथ्या-पाचव्या वर्षी त्याच विषयावर पुन्हा लिहिणारा हवा असतो.

आता हे सारे चालावे कशावर? वर्तमानपत्राच्या किमतीत सहसा कागद-छपाईचाही खर्च निघत नाही. तूट भरून काढतात त्या जाहिराती. वधूवर, नोकरी, जागेची खरेदीविक्री ह्या लहान जाहिरातींनी वार्ताहरांचे पगार चालवले, असे म्हटले तरी चालेल. त्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या. त्यात २०२० च्या मार्चअखेर मुंबईत काही दिवस वृत्तपत्रे छापलीच गेली नाहीत आणि पुष्कळ घरांची सवय तुटली ती तुटलीच. आमच्याकडे एके काळी दोन पत्रे येत. आता एक येते, आणि तेही तिसऱ्या प्रहरापर्यंत घडी न मोडता पडून असते.

वृत्तपत्रे निर्दोष होती असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. मालकाचे हित आणि जाहिरातदाराची मर्जी त्यांनीही सांभाळली, आणि ब्लॉगवाल्यांनी ती उघडी पाडली हे बरेच झाले. परंतु प्रत्येक अंकात कोठेतरी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक व संपादक ह्यांची नावे आणि पत्ता छापलेला असतो. ती ओळ कोणी वाचत नाही. खोटी बातमी छापली गेली तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहावयाचे, हे मात्र ती सांगते. मते आता विपुल झाली आहेत व फुकट मिळतात, हे ठीकच आहे. परंतु पेणच्या कचेरीतल्या त्या बाकावर बसणाऱ्याचे वेतन आपण वाचकांनीच द्यावयाचे आहे. जिल्ह्याच्या एखाद्या पत्राची वर्षाची वर्गणी वडखळच्या पापडांच्या चार-सहा पुडक्यांहून फारशी महाग पडेल, असे मला वाटत नाही.