कानांची साक्ष

ज्या वस्तूने आपले अस्तित्व मुळीच जाणवू देऊ नये, नेमक्या तिच्यासाठीच माणूस पुष्कळदा भरमसाट पैसे मोजतो, हे मला नेहमीच एक कोडे वाटत आले आहे. चष्म्याच्या काचेकडून आपली अपेक्षा एवढीच की ती दिसू नये. आम्हा भाषांतरकारांचीही तीच गत. मूळ लेखक आणि आपण यांच्यामध्ये आणखी कोणी बसले आहे, असे वाचकाला वाटले नाही तरच आमचे काम साधले म्हणायचे. घरी बसून गाणे ऐकणाऱ्या रसिकांच्या कपाटात अलीकडे असाच एक दुभाषा येऊन बसला आहे. परिभाषेच्या वळणाने त्याला ‘अंकीय-सदृश परिवर्तक’ म्हणता येईल; परंतु आमच्या कार्यालयाच्या भिंतींबाहेर हे नाव कोणी उच्चारील, अशी आशा मी बाळगलेली नाही. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही त्याला ‘डॅक’ म्हणून मोकळे होतात. भ्रमणध्वनीच्या खोबणीत बसणारा बोटभर लांबीचा डॅक हजार रुपयांच्या आसपास मिळतो, आणि ज्याची किंमत ऐकून घराच्या हप्त्यांची आठवण व्हावी, असाही डॅक बाजारात आहे.

काम मात्र दोघांचे एकच. १९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हापासून घराघरांतील संगीत आकड्यांच्या रूपाने साठवले जाऊ लागले. सीडीच्या मापाने स्वराच्या लहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर लिहून ठेवली जाते. पाच मिनिटांच्या एका चिजेसाठी डाव्या-उजव्या कानांचे मिळून दोन कोटी चौसष्ट लाखांहून अधिक आकडे होतात. या आकड्यांची पुन्हा विजेची सलग लहर करून ती ध्वनिवर्धकाच्या हाती द्यायची, एवढेच या पेटीचे कर्तव्य.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. मोजण्यांच्या मधल्या जागा रिकाम्या राहतात, म्हणून अंकांतून निघालेला स्वर जिन्यासारखा खाचखळग्यांचा असतो, आणि महागडे यंत्र ते खळगे भरून काढते, असे अनेक जाणकारही समजतात. शाळेतील भूमिती आठवा. तीन बिंदू एका रेषेत नसतील, तर त्यांतून जाणारे वर्तुळ एकच असते. मधली जागा रिकामी आहे म्हणून ते अंदाजाने काढावे लागत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातील सिद्धान्त याच जातीचा आहे. लहरीतील सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेगाने मोजणी केली, तर त्या मोजण्यांतून जाणारी लहर एकच असू शकते. निरोगी तरुण कानाची धाव सुमारे २०,००० कंपनांपर्यंत असते. म्हणून ४४,१०० हा आकडा आला. यंत्रातील गाळणी ही लहर पुरी करते, आणि बाहेर येते ती सलग रेषा. जिना कोठेही उरत नाही.

माझे मामा इंदूरला असतात. बँकेतून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, तरुणपणी काही वर्षे रीतसर गाणे शिकलेले. त्यांच्या दिवाणखान्यात मिरजेचा एक तानपुरा आहे आणि तो ते आजही स्वतः लावतात. गेल्या वर्षी मुंबईच्या एका दुकानात त्यांनी साडेतीन लाखांचा डॅक ऐकला आणि ते अगदी भारावून परत आले. घरचा डॅक चार वर्षांपूर्वीचा, अठरा हजारांचा. “अगं, जवारी उलगडली त्या यंत्रात! तार छेडल्यावर आतला गंधार कसा उमलतो, ते आज इतक्या वर्षांनी ऐकले,” असे त्यांनी मला दूरध्वनीवर सांगितले. थोड्या वेळाने मामीचा फोन आला. ती एवढेच म्हणाली, “यंत्राची पत्रके वाचून सांगायला तू नेहमी येतेस, तशी एकदा ये. मला यातले काही कळत नाही. पैसे कोणत्या ठेवीतून काढायचे ठरले आहे, तेवढे कळते.” ती ठेव मामीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवलेली होती, हे मला ठाऊक होते. तिने ते उच्चारले नाही.

दुकानदार सज्जन. त्याने यंत्र दोन दिवस घरी ऐकायला दिले. पहिल्या संध्याकाळी मामा कपाटाकडे पाठ करून बसले आणि मी यंत्रे बदलत गेले. पाच वेळा बदलले आणि पाचही वेळा त्यांनी महागडे यंत्र अचूक ओळखले. मामीचा चेहरा उतरला. मीही क्षणभर विचारात पडले, कारण मामांचा कान लेचापेचा नाही.

मग दोन्ही यंत्रांची पत्रके समोर ठेवली. घरच्या डॅकमधून पूर्ण आवाजाला २ व्होल्टचा दाब बाहेर पडत होता, नव्यातून अडीच व्होल्टचा. हा फरक सुमारे २ डेसिबल होतो. एवढा फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवतोच असे नाही. तो ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक जवळचा’, ‘अधिक भरीव’ असा जाणवतो. या व्यापारातील सगळी मोहिनी पुष्कळदा एवढ्या अर्ध्या व्होल्टात असते. शेजाऱ्यांकडून मल्टिमीटर आणला, ४०० कंपनांचा एक स्थिर सूर दोन्ही यंत्रांतून वाजवला आणि नव्या यंत्राचा आवाज उतरवत उतरवत दोघांचा दाब सारखा केला. यात एक टक्क्याहून अधिक फरक राहू देऊ नये; तुलनेची पहिली अट हीच. दुसरी अट अशी की कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू नये, आणि बदलणाऱ्याच्या श्वासावरूनही त्याला अंदाज येऊ नये. म्हणून मामीने नाणे उडवायचे, खुणेने मला सांगायचे, वहीत लिहायचे. मी पडद्याआड राहायचे आणि तोंडातून अक्षर काढायचे नाही, असे ठरले.

त्याआधी आणखी एक गोष्ट उघडकीस आली. संगणकाला विजेची तार जोडलेली असली की घरच्या डॅकमधून अगदी मंद घूंऽऽ असा नाद येत होता. हा फरक खरा होता. ओळखायला कोणताही कान चालला असता. आपल्याकडे भिंतीतील वीजजोडणीची भूतार नीट नसते आणि दोन उपकरणांच्या जमिनी एकमेकींशी भांडू लागतात, त्याचा हा प्रताप. संगणक बॅटरीवर चालवताच तो नाद नाहीसा झाला. खर्च काही नाही.

मग सोळा फेऱ्या झाल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांची तिशीच्या दशकातील तबकडी, एक अलीकडचे बासरीवादन आणि नुसत्या तानपुऱ्याचे एक मुद्रण, असा मामांनीच निवडलेला माल होता. सोळांपैकी नऊ उत्तरे बरोबर आली. नुसते नाणे उडवणाऱ्यालाही साधारण एवढीच येतात. सोळांत बारा किंवा अधिक आली असती, तर तसे निव्वळ योगायोगाने घडण्याचा संभव शंभरात चाराहून कमी, आणि मग मी गप्प बसले असते. मामा मात्र चिडले. कान थकले आहेत, म्हणाले, आणि जेवून लवकर झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच नको म्हणत असता त्यांनी पुन्हा मांड म्हणून हुकूम सोडला, आणि या वेळी हजार रुपयांचा तो बोटभर डॅक महागड्या यंत्राविरुद्ध उभा केला. त्याचा दाब जेमतेम १ व्होल्ट, म्हणून दुसऱ्याला तितकेच खाली आणावे लागले. सोळांत दहा. मामांनी स्वतः वही घेतली, बँकेतील सवयीने बेरीज पुन्हा तपासली आणि चष्मा पुसत बसून राहिले. त्या वेळी मला फार वाईट वाटले. आयुष्यभर ज्या कानावर भिस्त ठेवली, त्याचीच आपण उलटतपासणी घेतो आहोत असे वाटले.

वस्तुतः कानाचा यात काहीच दोष नव्हता. वयाप्रमाणे मामांच्या कानातून बारा हजारांच्या वरची कंपने केव्हाच गेली असतील. पण तानपुऱ्याचे मर्म तेथे नसतेच. काळी एकला लावलेल्या जोडीच्या तारांचा षड्ज सुमारे १३९ कंपनांचा. त्याचा तिसावा उपस्वर घेतला तरी तो ४,२०० च्या आत राहतो. जवारी जेथे बोलते तेथे मामांचा कान शाबूत आहे. दोन यंत्रांत त्या ठिकाणी ओळखण्याजोगे काही वेगळे नव्हते, इतकेच. महागड्या यंत्राची कुजबुज, म्हणजे त्याचा स्वतःचा खरखराट, पूर्ण आवाजाच्या १२० डेसिबलहून अधिक खाली असतो. घरच्या डॅकचाही त्याच्या फार वर नव्हता. आणि आपल्या दिवाणखान्यात डोक्यावर पंखा फिरत असतो!

हा प्रश्न काही केवळ इंदूरचा नव्हे. अमेरिकेत ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंची मापाच्या तबकड्यांचा स्वर एकदा थेट आणि एकदा मध्ये सीडीच्या मापाचे अंकीकरण व पुनर्परिवर्तन घालून ऐकवला. ५५४ वेळा विचारले, २७६ उत्तरे बरोबर आली. उलट बाजूही सांगितली पाहिजे. लंडनच्या जोशुआ रीस यांनी २०१६ साली अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले. म्हणजे काही कानांना काही वेळा पुसटसे काही कळत असावे. साडेतीन लाखांच्या मानाने सव्वादोन टक्क्यांच्या आसपासची ही मिळकत फार तोकडी वाटते, हे माझे मत.

काही डॅक मात्र निश्चित वेगळे वाजतात. गाळणीच काढून टाकलेले एक घराणे आहे. त्यात सीडीच्या मापाच्या मुद्रणाचा २०,००० कंपनांजवळचा आवाज सुमारे ३ डेसिबलने खाली येतो. त्याचे भक्त या स्वराला ‘मुलायम’ म्हणतात. मला तेथे मूळ लेखकाच्या वाक्यात स्वतःची विशेषणे घुसडणारा भाषांतरकार दिसतो. कोणाला ते आवडले तर माझी हरकत नाही. पण त्याला मुळाशी इमान म्हणू नये. आणि महागडी यंत्रे घडीव, देखणी असतात, वर्षानुवर्षे टिकतात, त्यांची कळ फिरवतानाही सुख होते, हेही खरे. ते सुख घेण्याला कोणाची ना नाही, फक्त ती किंमत सागवानी कपाटाच्या रकान्यात लिहावी.

दुपारी आम्ही ध्वनिक्षेपक भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले आणि मोझाइकच्या उघड्या फरशीवर अडगळीतली जाड सतरंजी अंथरली. भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाने खोलीतील खर्ज कोठे दहा डेसिबलने फुगतो, कोठे तितकाच बुडतो. तेथे डॅकच्या सूक्ष्म भेदांची काय कथा? तानपुऱ्याचे तेच मुद्रण लावले. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दाराशीच उभी राहिली. मामा काही बोलले नाहीत. गाणे संपल्यावर उठून त्यांनी सतरंजीचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

यंत्र परत गेले. मुंबईला जवारी उलगडलेली ऐकली, हे मामा आजही सोडत नाहीत, आणि मीही वाद घालत नाही. त्या दुकानातील श्रवणकक्ष मी नंतर पाहिला आहे. ठेवीची मुदत जुलैत पुरी होते. मागच्या आठवड्यात मामांचे पत्र आले. त्यात डॅकचा उल्लेख नाही. त्या कक्षाच्या भिंतींना आतून कोणते कापड लावले होते आणि ते वारावर मिळते की कसे, एवढे विचारून कळवायला सांगितले आहे.