यादी दोन रकान्यांची

नवीन वर्षाचा संकल्प म्हटला की लोक आधी हसतात. त्यांचं काही चुकतही नाही म्हणा! जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे टेकडीवर नव्याकोऱ्या बुटांची जत्रा भरते आणि संक्रांत होईस्तोवर टेकडी पुन्हा नेहमीच्या आजी-आजोबांच्या ताब्यात जाते. जिमची वर्षभराची फी, गिटारचा क्लास, डायरीची पहिली चार पानं... सगळ्यांची गत एकच.

हे सगळं माहीत असूनही मी दरवर्षी यादी करते. २००८ पासून, एकाच वहीत. दोनशे पानी वही आहे आणि वर्षाला एक पान लागतं. म्हणजे ती मला पुरून उरणार यात शंका नाही.

मला गंमत वाटते ती आपल्या भाषेची. घरात सत्यनारायण असो की वास्तुशांत, गुरुजी आधी संकल्प सांगतात. कधी कान देऊन ऐकलाय तो? त्यात संवत्सराचं नाव असतं, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार असतो, आपण बसलोय तो प्रदेश असतो, यजमानाचं नाव आणि गोत्र असतं. मग काय करणार आणि कशासाठी, ते येतं. शेवटी हातावरून ताम्हनात पाणी सोडायचं. कोण, कुठे, कधी, काय हे सांगितल्याशिवाय संकल्प होतच नाही. 'यंदा जरा बरं वागेन' असलं मोघम काही तिथे चालत नाही! आणि या सगळ्याला आपण म्हणतो काय, तर संकल्प 'सोडणे'. एरवी एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हणजे तिची आशाच सोडली. करायला घेण्याचं पाणी तेच आणि सोडून देण्याचंही तेच. मला हे फार आवडतं. का, ते पुढे सांगते.

यादीवाल्यांचा एक मूळपुरुष म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. तोच तो, पतंग आणि विजेवाला. त्याच्या आत्मचरित्रात त्याने सांगितलंय की त्याने तेरा गुण निवडले. मितभाषण, काटकसर, उद्योग, नम्रता वगैरे. एक छोटी वही केली, प्रत्येक गुणाला एक पान दिलं, पानावर आठवड्याच्या सात वारांचे रकाने आखले. रात्री हिशेब करायचा आणि जिथे घसरलो तिथे काळा ठिपका द्यायचा. एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष. तेरा आठवड्यांचं एक आवर्तन, वर्षाला बरोबर चार! यात त्याला सगळ्यात जास्त छळलं ते व्यवस्थितपणाने. कागदपत्रं जागच्या जागी ठेवणं काही त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. पण आपण परिपूर्ण झालो नाही तरी या खटाटोपामुळे आहोत त्यापेक्षा बरे आणि सुखी झालो, असं म्हातारपणी त्याने लिहून ठेवलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या वहीत ठिपके असतील तर आपल्याही असू देत की.

त्याच्याकडून मी एक उचललं. यादीतल्या ओळीत क्रियापद हवं आणि आकडा हवा. 'वाचन वाढवणे' नाही, 'महिन्याला दोन पुस्तकं वाचणे'. 'तब्येत सांभाळणे' नाही, 'आठवड्यातून चार दिवस चालणे'. आणि उजळणी एकदा पाडव्याला. तोवर तीनेक महिने झालेले असतात, जानेवारीचा उत्साह ओसरलेला असतो, आणि आपला नववर्षदिन हाताशी असतो. इंग्रजी वर्षाला केलेला संकल्प मराठी वर्षाला तपासायचा. दोन नवीन वर्षं असण्याचा एवढा तरी फायदा घ्यावा ना!

२०१८ साली या यादीचे दोन रकाने झाले.

त्या वर्षी बाबांना स्मृतिभ्रंश असल्याचं निदान झालं. बाबा शिक्षक, गणिताचे. आधी चष्मा सापडेना, मग घरचा रस्ता, मग माणसं. ३१ डिसेंबरला वही उघडली आणि जे लिहावंसं वाटत होतं त्याला ना क्रियापद होतं माझ्या हातातलं, ना आकडा. पानाच्या मधोमध एक रेघ ओढली. डावीकडे लिहिलं, 'रोज संध्याकाळी अर्धा तास बाबांजवळ बसणे. मोबाइल दुसऱ्या खोलीत.' उजवीकडे लिहिलं, 'बाबांनी मला नावाने हाक मारावी.'

डावीकडे माझं काम, उजवीकडे माझी इच्छा. डावीकडच्याला मी पाडव्याला जाब विचारते. उजवीकडचं मी नुसतं लिहिते आणि त्यावर पाणी सोडते. दोन्ही अर्थांनी.

त्या अर्ध्या तासात आम्ही पाढे म्हणतो. तुमच्यापैकी किती जणांना पावकी, निमकी, दीडकी माहीत आहे कोण जाणे. बाबांच्या पिढीने अपूर्णांकांचेही पाढे पाठ केले होते. समोर बसलेली ही बाई कोण हे त्यांना सांगता येत नाही, पण दीडकी सुरू केली की ते माझ्या पुढे जातात, आणि मी अडखळले की बोट उगारतात. त्या क्षणी ते मास्तर असतात आणि मी वर्गातली 'ढ' मुलगी. मला चालतं.

जुनी पानं चाळताना दिसतं की डावा रकाना दरवर्षी साधारण तसाच असतो. बदलतो तो उजवा. २०२१ पर्यंत 'नावाने हाक मारावी' असंच लिहिलंय. पुढे ते मला त्यांच्या मोठ्या बहिणीसारखं 'ताई' म्हणू लागले. मग डावीकडे एक ओळ वाढली, 'ताई म्हणून हाक आली की ओ द्यायची.' आणि यंदा उजवीकडे इतकंच आहे, 'बाबांना रात्री शांत झोप लागावी.' इच्छा लहान होत गेली असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आधीची इच्छा माझ्यासाठी होती, आताची त्यांच्यासाठी आहे.

तर मंडळी, यादी करत असाल तर मधोमध एक रेघ ओढून बघा. काय कुठल्या बाजूला जातंय हे ठरवतानाच निम्मं काम होतं. आणि उजवा रकाना रिकामा सोडू नका. पूर्ण होण्यासारखं नसलं तरी काय हवंय ते लिहिलेलं बरं असतं.

असो. सहा वाजत आले. आज पाऊणकी घ्यायची आहे, आणि ती माझी कच्ची आहे.