साखर कुठे गेली?

‘साखर पाण्यात विरघळली म्हणजे कुठे गेली?’ असे मास्तरांनी सातवीत विचारले होते. मी ‘पोटात’ म्हणालो आणि तास संपेपर्यंत बाकावर उभा राहिलो. खरे उत्तर मला मामांच्या शेतावर मिळाले.

मामा इंदापूर तालुक्यातले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे साखर कारखाने ज्या मुलखात, तिथे पाहुण्याला ‘साखर किती?’ असे विचारणे हा अपमानच! शंभर ग्रॅम गार पाण्यात सुमारे दोनशे ग्रॅम साखर विरघळते आणि उकळत्या पाण्यात जवळजवळ पाचशे. मामींनी हे कुठे वाचले नव्हते, पण त्यांचा चहा त्याच दिशेने निघालेला असे. मीठ मात्र मानी. पाणी गार असो की उकळते, छत्तीस ते चाळीस ग्रॅम झाले की ‘बास’ म्हणून तळाशी बसते.

या मिठाशी मामांची गाठ पडायची होती. निरा डावा कालवा १८८५ सालापासून वाहतो आहे. ‘पाणी पाजलं की ऊस येतो,’ एवढे मामांचे शेतीशास्त्र. उसात पाणी तुंबेपर्यंत त्यांचा हात आखडत नसे.

एका उन्हाळ्यात गेलो, तर खालची पट्टी पांढरीफटक.

‘मामा, युरिया सांडला की काय?’

‘आरं, जमीन फुटली. क्षार वर आला.’

जमिनीतले क्षार पाण्यात विरघळले होते. पाणी अती झाले, निचरा होईना, तसे ते क्षारांना घेऊन वर चढले. उन्हाने पाणी तेवढे उचलले आणि क्षार मामांच्या नावावर ठेवले. त्या पट्टीत उसाचे एक कांडे धरेना. मामा बांधावर गप्प बसून होते.

‘विरघळलं म्हंजी गेलं न्हवं,’ शेवटी ते म्हणाले, ‘पानी आटलं की हिशेब वर येतो.’

मास्तरांचा सबंध धडा एका वाक्यात!

पुढे मामांनी चर खणले. मग पाणीच क्षार विरघळवून चरातून बाहेर नेऊ लागले. ज्याने आणले त्यानेच न्यायचे! तीन-चार वर्षांनी पट्टीत पुन्हा हिरवे दिसले. आता मामा ठिबकने मोजून पाणी देतात.

परवा गेलो, तर चहा चक्क फिका! डॉक्टरांना मामांच्या रक्तात साखर सापडली होती. इतक्या वर्षांचा चहा, हिशेब वर आला होता.

म्हणजे माझे ‘पोटात’ हे उत्तर अगदीच चूक नव्हते. फक्त अर्धवट होते.