गेटवरची फुंक

सातच्या पाळीला येणाऱ्या कामगाराने आदल्या रात्री नऊ वाजता एक क्वार्टर घेतली, जेवला आणि झोपला, असे धरा. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के असते, म्हणजे पोटात गेले साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. माणूस ६० किलोचा. एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३२ साली मांडलेल्या सूत्रात हे आकडे घातले की रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास उत्तर येते. यकृत तासाला साधारण १५ निकालात काढते. नऊ ते सात, तास दहा. गेटवर पोचेपर्यंत हिशेब शून्याला टेकतो.

आता एकाऐवजी दोन क्वार्टर धरा. सकाळी सातला त्याच माणसाच्या रक्तात दीडशे उरतात. मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमात वाहनचालकासाठी मर्यादा आहे ३० ची. हा तिच्या पाचपट. पण अंघोळ झालेली, कपाळाला गंध, हातात डबा, चाल सरळ. रोज पिणाऱ्याची चाल सरळच असते, शरीराने सवय करून घेतलेली असते. बायकोला विचारले तर ती म्हणेल, आज वेळेवर उठून गेले कामाला. आणि हा माणूस पॉवर प्रेससमोर जाऊन उभा राहतो. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांतल्या कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. ‘रात्रीची होती, सकाळी उतरली’ हे वाक्य मी कामगारांकडून जितके ऐकले आहे तितकेच मॅनेजरांकडूनही.

मी औद्योगिक आरोग्याचा डॉक्टर. एमआयडीसीतल्या लहान-मोठ्या कारखान्यांत ठरलेल्या वारी जातो. कान, फुप्फुसे, डोळे तपासतो. कोणाला उंचीवर चढू द्यायचे, कोणाला भट्टीजवळ ठेवायचे नाही, ते लिहून देतो. गेल्या काही वर्षांत यात गेटवरच्या दारू-चाचणीची भर पडली. विमान कंपन्यांत वैमानिकाला आणि रेल्वेत लोको पायलटला कामावर चढण्याआधी फुंक मारावी लागते, हे जुने झाले. आता मोठ्या गाडी कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे दीडशे-दोनशे कामगारांचे कारखानेही मशीन घेऊ लागले आहेत. वरच्या कंपनीचे सेफ्टी ऑडिट येते, त्यांच्या यादीत हा रकाना असतो, आणि मालकाचा फोन येतो : “डॉक्टरसाहेब, मशीन कुठले घेऊ?”

मी उलट विचारतो, “सापडला तर त्याला घरी कसे पाठवणार?”

फोनवर थोडा वेळ शांतता. मग उत्तर येते, “पाठवायचे काय, गेटबाहेर काढायचे.” गेटबाहेर त्याची मोटरसायकल उभी असते. कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायला जो नालायक ठरला, तो पुढच्या मिनिटाला किक मारून ट्रकांच्या गर्दीत हायवेला लागतो. आपल्या हद्दीतला अपघात तेवढा टळला. या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे नाही त्याने मशीन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीची किल्ली ठेवून घ्यायची, घरच्या माणसाला फोन करायचा, कोणी आले नाही तर कंपनीच्या गाडीने सोडायचे. एवढे आधी कागदावर लिहा, मग मशीन.

आता मशीनबद्दल. दोन हजारांतही मिळते आणि त्याच्या कित्येक पटींनीही. स्वस्तातल्या मशीनमध्ये सेमीकंडक्टर सेन्सर असतो. तो दारूला ओळखतो, तसा थिनरच्या वाफेला आणि मधुमेह हाताबाहेर गेलेल्या माणसाच्या श्वासातल्या अ‍ॅसिटोनलाही ओळखतो. म्हणजे ओळखत कोणालाच नाही. महागातल्यात फ्युएल सेल असतो : प्लॅटिनमच्या पत्र्यावर अल्कोहोलचे अ‍ॅसेटिक आम्ल होते, त्यातून किंचित वीज निघते आणि ती मोजली जाते. यालाही कॅलिब्रेशन लागते, सर्वसाधारणपणे सहा महिन्यांनी. कारखान्यात व्हर्नियर आणि मायक्रोमीटरवर कॅलिब्रेशनची तारीख चिकटवलेली असते, माणसाची नोकरी ज्यावर टांगलेली आहे त्या मशीनवर बहुतेक ठिकाणी नसते. विचारले तर सिक्युरिटीवाले मामा म्हणतात, “चालू आहे ना साहेब, लाइट लागतोय.”

लाइट लागतो, आणि आकडाही येतो. पण तो कोणत्या मापात? फुप्फुसाच्या खोल भागातली २१०० मिलिलिटर हवा आणि १ मिलिलिटर रक्त यांत अल्कोहोल सारखेच असते, या गृहीतावर सगळी मशीन चालतात. त्यामुळे एकच माणूस एका मशीनवर ३० येईल, दुसऱ्यावर ०.०३ आणि तिसऱ्यावर ०.१४. पहिला आकडा १०० मिलिलिटर रक्तातल्या मिलिग्रॅमचा, दुसरा टक्केवारीचा, तिसरा एक लिटर श्वासातल्या मिलिग्रॅमचा. तिघांचा अर्थ एकच. गेटवरच्या रजिस्टरमध्ये हे तिन्ही प्रकार एकाखाली एक, माप न लिहिता, नोंदलेले मी पाहिले आहेत. असे रजिस्टर कामगार न्यायालयात गेले तर पाच मिनिटेही टिकणार नाही.

सगळ्यात जास्त भांडणे होतात ती ‘मी प्यायलोच नाही’ यावरून, आणि त्यांतली काही खरी असतात. दशमूलारिष्ट, अश्वगंधारिष्ट, कुमारी आसव यांत आंबवण्याच्या क्रियेतून आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते; साधारण ५ ते १० टक्के, बाटलीवर तसे छापलेलेही असते. काही माऊथवॉशमध्ये असते. गेटवर हाताला सॅनिटायझर चोपडून त्याच हाताने मशीन धरले तरी काटा हलतो. मात्र या सगळ्यांवर एक सोपा आणि फुकटचा उपाय आहे : चूळ भरायला लावा, खुर्ची द्या, पंधरा-वीस मिनिटे थांबा, पुन्हा फुंक घ्या. तोंडातले अल्कोहोल तेवढ्या वेळात उडून जाते. वीस मिलिलिटर अरिष्टाने रक्तात चढून चढून तीन-चार मिलिग्रॅम चढतील. त्यामुळे पहिल्या फुंकेला ६० आणि दुसरीला शून्य आले, तर ‘प्यायलोच नाही’ म्हणणारे काका खरे बोलत आहेत. दुसरीलाही ५८ आले, तर काकांनी काढा चपटीतून घेतला आहे. ही वीस मिनिटे द्यायला टाइम ऑफिसची तयारी नसते, कारण पंचिंगची रांग अडते. मी तिथे अडून बसतो. दुसरी फुंक न घेता कोणालाही परत पाठवायचे नाही, ही माझी अट असते.

याउलट नुसत्या वासावर कारवाई करणारेही आहेत. सुपरवायझर म्हणतो, “मला वास आला.” १९७१ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने या नाकाची मर्यादा सांगून ठेवली आहे. आरोपीच्या तोंडाला दारूचा वास होता, चाल डगमगती होती, बोलणे असंबद्ध होते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या. पण रक्त किंवा लघवी तपासलेली नव्हती. तेवढ्यावरून तो दारूच्या अमलाखाली होता असे धरता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. आपल्या महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही रक्तातल्या ०.०५ टक्क्याचा आकडा घातलेला आहे, तो यासाठीच. स्थायी आदेशांत ‘नशेत असणे’ हे गैरवर्तन आहेच, पण ते सिद्ध करावे लागते.

अमली पदार्थांची गोष्ट निराळी. तिथे फुंक चालत नाही, लघवीचा नमुना लागतो. नमुना घेतानाची काळजी ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती विचित्र वाटेल : संडासच्या टाकीत निळा रंग टाकायचा, म्हणजे त्यातले पाणी कोणी मिसळू नये, नमुना हातात येताच चार मिनिटांच्या आत तापमान पाहायचे, ते ३२ ते ३८ अंशांत हवे, म्हणजे खिशातून आणलेली बाटली कळते, दोन कुप्या भरायच्या, सील करायच्या, सीलवर त्याची सही घ्यायची. एवढे करूनही गेटवर त्या नमुन्यात बुडवलेली पट्टी दाखवते तो संशय. निकाल प्रयोगशाळेतल्या मास स्पेक्ट्रोमेट्रीचा.

याचे उदाहरण तुमच्या फराळाच्या ताटातच आहे. अनारशाला लावलेली खसखस ही अफूच्याच झाडाचे बी. तिच्यात मॉर्फिन आणि कोडीनचे अंश खरोखर असतात. किती, ते बियांवर आणि ती किती धुतली यावर. खसखस घातलेले खाऊन लघवीत ओपिएट सापडल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. अमेरिकेने १९९८ साली आपली सीमारेषा ३०० नॅनोग्रॅमवरून एकदम २००० वर नेली, ती मुख्यतः या कारणासाठी. आपल्याकडे ३०० वाल्या पट्ट्या आजही विकल्या जातात. तेव्हा लक्ष्मीपूजनानंतर पहिल्या पाळीला ही पट्टी वापरणार असाल, तर शेजारी डॉक्टर बसवा. खोकल्याच्या औषधातले कोडीन आणि मानसोपचारतज्ज्ञाने दिलेल्या झोपेच्या गोळ्याही पट्टीवर उमटतात. म्हणून निकाल एचआरच्या टेबलावर जाण्याआधी डॉक्टरने माणसाला आत बोलावून, दार लावून, “कोणती औषधे चालू आहेत?” असे विचारायचे असते. ही माहिती त्या खोलीबाहेर जाता कामा नये.

पट्टीची दुसरी अडचण अशी की ती नशा मोजत नाही, खूण मोजते. गांजाची धुंदी काही तासांची, त्याचे अंश मात्र रोज ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे सापडतात. महाशिवरात्रीला भांग घेतलेला माणूस दोन दिवसांनी पूर्ण शुद्धीत कामावर येतो आणि पट्टीवर सापडतो. तो त्या क्षणी क्रेन चालवायला लायक आहे की नाही, हे पट्टी सांगू शकत नाही. उलट जिची आज खरी काळजी आहे ती एमडी, म्हणजे मेफेड्रोन, नेहमीच्या पाच-सहा पदार्थांच्या पट्टीवर खात्रीने सापडत नाही. तिला वेगळी पट्टी लागते. २०१५ साली ही एनडीपीएस कायद्याच्या यादीत आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी तिचा प्रचंड साठा पकडला तो कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यात. म्हणजे माल औद्योगिक वसाहतीत बनतो आणि वसाहतीतल्या गेटवरची पट्टी तो ओळखत नाही. हवाई क्षेत्रात वैमानिक आणि वाहतूक नियंत्रकांची अमली पदार्थ चाचणी जानेवारी २०२२ पासून सुरू आहे, पण तिथे नावे काढण्यापासून प्रयोगशाळेपर्यंत सगळी पद्धत बांधलेली आहे. लहान कारखान्यांना माझा सल्ला असा : दारूची फुंक नीट घ्या, पट्टीच्या भानगडीत सरसकट पडू नका.

पण या सगळ्याहून मला जास्त भीती वाटते ती शून्य आकड्याची.

वीस वर्षे रोज पिणारा माणूस. गेटवर मशीन बसले, कायम नोकरी जाईल या भीतीने त्याने एका रात्रीत सोडली. रोजचा सकाळचा उताराही बंद. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, दिशा-वेळ कळत नाही. यात माणूस दगावूही शकतो. असा माणूस तिसऱ्या दिवशी गेटवर फुंक मारतो. मशीन म्हणते ०.००. मामा म्हणतात, “शाब्बास, जा आत.” आणि तो थरथरत्या हातांनी लेथ सुरू करतो. घरी पाठवलेल्या प्यायलेल्या माणसापेक्षा आत सोडलेला हा माणूस जास्त धोक्यात आहे. म्हणून मशीन बसवण्याच्या आधी महिनाभर कारखान्यात जाहीर सांगावे लागते, मराठीतून आणि हिंदीतूनही, की ज्याला रोज लागते त्याने एकदम बंद करू नये, डॉक्टरला येऊन भेटावे. आपणहून येणाऱ्यावर कारवाई होणार नाही. पहिल्या आठवड्यात कोणी येत नाही. एक जण उपचार घेऊन त्याच मशीनवर परत आलेला दिसला, की मग येतात. बहुतेकदा आधी बायको येते.

झोपेचेही तसेच. सतत १७ तास जागलेल्या माणसाची कामातली चूक रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्याइतकी होते, हे १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवले. डबल ड्युटी केलेला कामगार सोळाव्या तासाला क्रेनवर असतो. त्याला फुंकायला लावा, शून्य येईल. ती डबल ड्युटी मालकानेच दिलेली असते.

राहिला प्रश्न कोणाला फुंकायला लावायचे याचा. बहुतेक ठिकाणी रांगेत कंत्राटी कामगार, ट्रकचालक आणि हमाल असतात. साहेबांच्या गाड्या दुसऱ्या गेटने आत जातात. कंत्राटी माणूस सापडला की ठेकेदार म्हणतो, “उद्या दुसरा पाठवतो,” आणि सापडलेला शेजारच्या कारखान्यात, जिथे मशीन नाही, त्याच दिवशी लागतो. सुरक्षिततेच्या नावाखाली आपण धोका एका प्लॉटवरून दुसऱ्या प्लॉटवर ढकलतो. चाचणी सुरू करायची असेल तर कंपनीतल्या प्रत्येकाचे नाव संगणकाच्या यादीत हवे आणि पहिल्या दिवशी पहिली फुंक फॅक्टरी मॅनेजरने सगळ्यांसमोर मारावी. जिथे हे झाले तिथे युनियनने मला कधी अडवले नाही. जिथे झाले नाही तिथे त्यांनी अडवले, आणि माझ्या मते ते बरोबर होते.

मालकांना एकच विनंती. मशीनवर जेवढा खर्च कराल, निदान तेवढा उपचारावर बाजूला काढा. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे, सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. गेटवर ‘मद्यपान करून आत येण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी तुमच्याकडे असेलच. तिच्याखाली केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक रंगवून घ्या : १४४४६. फोनला पैसे पडत नाहीत.